बुधाजीच्या नावाने

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी नीता मॅडमनी पडद्यावर जगाचा नकाशा लावला, तेव्हा ठमाबाईने पदराआड जांभई दिली. नकाशावर लाल ठिपके होते. जिथे जिथे प्रभूला मानणाऱ्यांचा छळ होतो, तिथे तिथे एक ठिपका. नीता मॅडम एकेका देशाचं नाव घेत होत्या आणि प्रत्येक नावागणिक त्यांचा आवाज आणखी कातर होत होता. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायका रुमाल काढून बसल्याच होत्या.

नवीन पनवेलमध्ये प्लायवूडच्या दुकानाच्या वर हा हॉल होता. पास्टर काशिराम यांची चाळीस-पन्नास माणसांची मंडळी तिथे दर रविवारी जमे. नीता मॅडम बँकेत होत्या, नगरकडच्या पिढीजात ख्रिस्ती घरातल्या. ठमाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, तीन वर्षांपूर्वी मंडळीत आलेली. ती मागे चटईवर बसायची. तिची माशांची पाटी खाली जिन्याशी ठेवायची, असं नीता मॅडमनी गोड शब्दांत सांगितलं होतं. वासाचं नाव न काढता त्यांनी वासाबद्दल जितकं बोलता येईल तितकं बोलून घेतलं होतं.

‘ठिपके बघून रडतात,’ ठमाबाईच्या मनात आलं. ‘आन मी हितं ढळढळीत बसलेय. मना काय ठिपका नाय.’

ते खरं होतं. ही गोष्ट दोन हजार बारा सालची. त्या वर्षीच्या होळीपासून तिच्या घराला गावकीने वाळीत टाकलं होतं. मंडळीत सगळ्यांना ते माहीत होतं. तरी याच बायका दारात पापलेटाचे कल्ले उघडून बघताना म्हणायच्या, “मावशी, मागच्या वेळचं काही ताजं नव्हतं हं.”

नकाशा संपला. पास्टर काशिराम उठले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, बारीक आवाजाचा माणूस. मासा समोर धरला तर ताजा की शिळा सांगता यायचं नाही, पण खोटं बोलायचा नाही, म्हणून ठमाबाई त्याला मानायची. ते म्हणाले, “छळ सोसणाऱ्यांसाठी प्रार्थना झाली. आता छळणाऱ्यांसाठी. ते जास्त कठीण आहे. ठमाबाई, तुम्ही कराल? ज्याने तुमच्यावर हे आणलं, त्याचं नाव घेऊन करा.”

सगळ्या माना मागे वळल्या. नीता मॅडमनी हात जोडून, डोळे मिटून तयारी केली. ठमाबाई उभी राहिली, पदर खोचला आणि बाजारात ओरडायच्या आवाजात सुरू झाली.

“प्रभू, हा बुधाजी. माज्या नवऱ्याचा थोरला भाव. तू बनवलास म्हनतात. मना काय पटत नाय, पन पास्टर म्हनतात तर आसंल. डोस्क्यात भुसा हाय. केसांना काला रंग लावतो, घाम आला का तो कानावर उतरतो, तरी मिरवतो. बायकोला हाक मारल्याबिगर चष्मा सापडत नाय न गावचा कारभार करतो. ह्याला क्षमा कर. ह्याला कलत नाय तो काय करतो. न कललं तरी काय फरक पडनार नाय. आमेन.”

कोणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. नीता मॅडमचा चेहरा लिंबू पिळल्यासारखा झाला.

सभा सुटल्यावर पास्टर जिन्याशी आले. “ठमाबाई, ही प्रार्थना होती की भांडण?”

“तुमी म्हनलात नाव घ्या. घेतला.”

“मग रोज घ्या,” पास्टर म्हणाले. “रोज सकाळी. जसं येईल तसं. पण चुकवू नका.”

ठमाबाईने मान हलवली. बुधाजीचं नाव रोज सकाळी तोंडात घ्यायचं म्हणजे खारट दातवण. पण शब्द दिला की दिला.

बुधाजीची आणि तिची जुनी ओळख. ती लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि हा थोरला दीर ओटीवर बसून लहान भावाच्या बायकोला पाणी कसं भरावं ते शिकवत होता. स्वतः त्याने कधी घागर उचलली नव्हती. पुढे जमिनी सरकारी प्रकल्पात गेल्या, पैसे आले, आणि बुधाजीने गळ्यात साखळी घातली, गावकीचा अध्यक्ष झाला. तिचा नवरा मात्र शेवटपर्यंत होडीवरच राहिला. पालखीच्या दिवशी पालखीचा पुढचा खांदा त्याचा. तो गेल्यावर बुधाजीने तो खांदा आपल्या मुलाला, भावेशला दिला. भावेश दहा पावलांत घामाघूम होऊन बाजूला झाला. ठमाबाई तेव्हा सगळ्यांसमोर हसली होती. ते बुधाजी विसरला नव्हता.

मंडळीत ती आली ते कुठल्या आजारातून बरी होऊन वगैरे नाही. एका घरी मासे देताना आत प्रार्थना चालली होती, म्हणून ती दाराशी थांबली. पास्टर गोष्ट सांगत होते. कोळ्यांचं जाळं रात्रभर रिकामं राहिलं, आणि पहाटे किनाऱ्यावर येशूने स्वतः निखारे पेटवून त्यांच्यासाठी मासळी भाजून ठेवली. ठमाबाई तिथेच पायरीवर टेकली. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांसाठी मासळी भाजत होती. तिला कोणी, माणसाने की देवाने, भाजून वाढली नव्हती. पुढच्या रविवारी ती हॉलमध्ये गेली आणि मग जातच राहिली.

होळीला तिने गावकीसमोर सांगितलं, वर्गणी देईन, नारळ वाहणार नाही. बुधाजीला हवं ते मिळालं. ठराव झाला. ठमाबाईशी आणि तिच्या मुलाशी, प्रितेशशी, जो बोलेल त्याला दंड. त्यांची मासळी घ्यायची नाही, त्यांना द्यायची नाही, प्रितेशच्या होडीवर कोणी खलाशी जायचं नाही. होडी बंदरात बांधून पडली. प्रितेश जासईला कंटेनर यार्डात हजेरीवर जाऊ लागला. बाजारात गावच्या बायकांनी आपल्या पाट्या सरकवून सरकवून ठमाबाईची जागा खाऊन टाकली. ती मोरा बंदराच्या धक्क्यावर जाऊन माल घ्यायची आणि नवीन पनवेलच्या बिल्डिंगी पायी फिरायची. चाळीस वर्षं जिच्या सोबत सुखदुःख केलं ती बाई नळावर तिला बघून तोंड फिरवायची. ठमाबाई त्यांच्याकडे बघून मनाशी म्हणायची, ‘फिरव बाय. तोंड कुठं फार बगन्यासारखा हाय.’

घरं दोन, पण भिंत एकच. वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध उभी केलेली. पलीकडे बुधाजी, अलीकडे ठमाबाई. उजाडताच ती त्या भिंतीकडे तोंड करून बसायची आणि सुरू करायची, “प्रभू, हा बुधाजी...” दर दिवशी एक नवीन वैगुण्य. एकदा त्याची ढेरी, एकदा त्याचं भाषण, एकदा त्याने मेलेल्या भावाच्या कार्याला मागवलेला बँड. शेवटी “क्षमा कर, आमेन” असं ती इतक्या घाईने म्हणायची की देवालाही नीट ऐकू गेलं नसेल. मासे विकून कमावलेला आवाज. भिंतीपलीकडे शब्द कळत नसले तरी नाव स्वच्छ जायचं.

जानेवारीत एका दुपारी भावेश तिच्या दारासमोर येऊन उभा राहिला. तिशीचा बाप्या, मिशीला पीळ. दारात ठमाबाई कोळंबी सोलत होती, शेजारी मांजर बसलं होतं. ठमाबाईशी बोलायची बंदी. भावेशने इकडेतिकडे बघितलं आणि मांजराला म्हणाला, “मांजरे, तुज्या मालकिनीला सांग, रविवारी चार वाजता देवलात गावकीनं बोलावलंय.”

ठमाबाईने कोळंबीचं डोकं मोडलं. “मांजरे, ह्याला सांग, येतय. न सांग, बापाची अक्कल मुलग्यात उतरलेय, काय कमी पडला नाय.”

रविवारी देवळासमोरच्या मंडपात सगळा गाव जमला. ठमाबाई आणि प्रितेश एका बाजूला उभे. बुधाजी खुर्चीत. त्याचा एक पाय बँडेजमध्ये होता, तो त्याने स्टुलावर ठेवला होता. ठमाबाईला वाटलं नारळ, माफी, तेच ते. पण बुधाजीने घसा साफ केला आणि म्हणाला, “तू सकालची माजा नाव घेतस.”

“घेतय.”

“कशाला?”

“पास्टरनी सांगितलाय. तुज्यासाठी प्रार्थना करतय.”

मंडपात कुजबुज झाली. बुधाजीचा चेहरा लाल झाला. “माज्यासाठी? तू? मी काय मेलोय का आजारी हाय?” मग स्टुलावरच्या पायाकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो आणखी चिडला. गेल्या दोन महिन्यांत त्याच्या लाँचचं इंजिन बसलं होतं, भावेशची ठरलेली सोयरीक मोडली होती, साखर वाढून पायाची जखम चिघळली होती. सगळं त्या नावापासून सुरू झालं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. भीती वाटते हे सांगायची लाज, म्हणून तो ओरडत होता. ठमाबाईला ते लख्ख दिसलं आणि तिला हसू आवरेना.

“ऐक,” बुधाजी म्हणाला. “गावकीचा विचार झालाय. तू तुज्या येशूकडं जा, नाय जा, आमचा काय म्हनना नाय. नारल नको. माफी नको. वालीत टाकल्याचा ठराव मागं घेतो. उद्यापासून होडी पान्यात घाल. फकस्त माजा नाव घ्यायचा नाय. देवाफुडं नाय, कोनाफुडं नाय. हितं सगल्यांसमोर बोल.”

प्रितेशने आईकडे बघितलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर उजेड आला होता. केवढं सोपं! रोज सकाळी जे करताना तिला ओकारी येते, तेवढंच सोडायचं.

ठमाबाईने बुधाजीकडे पाहिलं. कानामागे रंगाचा काळा ओघळ होता. हा माणूस आता तिच्या घरातल्या भिंतीआतही ठराव करणार. ती काय बोलेल ते देवाशीसुद्धा हाच ठरवणार.

“नाय,” ती म्हणाली. “घेनार. उद्या दोनदा घेनार.”

घरात आल्यावर प्रितेशने दाराला लाथ मारली. “आये, तुला तो मानूस आवडतो काय?”

“त्याच्याहून बोंबील बरा.”

“मंग? नाव सोड म्हनला, येवढाच! तुला कुठं खुशी हाय त्याचा नाव घ्यायची? माजी होडी कुजतेय बंदरात.”

देवाची आज्ञा, असं ती म्हणू शकली असती, पण मुलाला खोटं सांगणं तिला जमलं नाही. आठवड्याने ओहोटीला होडी चिखलात कलंडलेली सापडली, तळाच्या दोन फळ्या फोडलेल्या. प्रितेश होडीभोवती एक फेरी मारून घरी आला, मग कपडे पिशवीत भरून जासईला यार्डाजवळ मित्राच्या खोलीवर राहायला गेला. ठमाबाई दुसऱ्या दिवशीही भिंतीसमोर बसली. नाव घेतलं, पण त्या दिवशी शिव्या दोनच दिल्या.

मंडळीत बातमी पोचली आणि नीता मॅडम धावत आल्या. “मावशी, तुम्ही शत्रूसाठी प्रार्थना सोडली नाही! पुढच्या रविवारी साक्ष द्या. आम्ही रेकॉर्ड करू.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, याचाच ठमाबाईला जास्त राग आला.

“मॅडम, साक्ष कसली? त्याला जिकू द्यायचा नव्हता. येवढाच.”

“तुमची नम्रता आहे ही,” नीता मॅडम म्हणाल्या. ठमाबाईने जिना उतरून खालची पाटी उचलली. हिला बांगडा दिला तर ती सुरमई म्हणूनच खाईल, असं तिला वाटलं.

पास्टरांना मात्र तिने विचारलं. “पास्टर, हा मी देवासाठी करतय का माज्या मस्तीसाठी? माजा पोरगा गेला घरातना.”

पास्टर म्हणाले, “मला नाही सांगता येत, ठमाबाई.” आणि थोड्या वेळाने, “एकदा त्याच्यासाठी असं काहीतरी मागून बघा, जे त्याला स्वतःला हवं असेल.”

“त्याला हवा हाय का मी गप बसावा.”

पास्टर हसले. तीही हसली.

मार्च उजाडला. एका सकाळी पनवेलच्या एसटी स्टँडसमोर ती पाटी खाली ठेवून पाणी पीत होती, तेव्हा मागून कोणीतरी तिचा पदर ओढला. सुनंदा. बुधाजीची बायको, तिची थोरली जाऊ. डोक्यावरून पदर, हातात औषधांची पिशवी. वर्षभरात दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या. सुनंदाबद्दल ठमाबाईचं मत एका वाक्याचं होतं, नवऱ्याची सावली, तीही दुपारची.

“वैनी, कोन बगंल, लागंल तुला दंड,” ठमाबाई म्हणाली.

“बगू दे.” सुनंदा तिथेच फुटपाथवर बसली. दम लागला होता. “पाय बरा होत नाय त्यांचा. डाक्टर म्हनतो आंगठा कापाया लागंल. ठमे, एक सांग. तू सकाली काय बोलतस त्यांच्याबद्दल?”

ठमाबाईने पाटीवरचं फडकं सारखं केलं.

“ते सकाली उठून भिंतीशी येऊन बसतात,” सुनंदा म्हणाली. “तुजा होईस्तवर चा पीत नाय. कान लावतात. कलत काय नाय, नाव कलतो. मंग दिवसभर मना विचारतात, काय म्हनत आसंल ती? मी म्हनते, मना काय ठावं. तू सांग. वाईट आसंल तरी सांग.”

वाईट होतंच. ढेरी, बँड, भुसा, सगळं एकामागून एक ठमाबाईच्या डोक्यातून गेलं. आपल्या जिभेची तिला जन्मात कधी लाज वाटली नव्हती. समोर ही बाई औषधांची पिशवी छातीशी धरून बसली होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“पायाचा सांगतय,” ठमाबाई म्हणाली. “म्हनतय, प्रभू, ह्याचा पाय बरा कर.”

सुनंदाने तिचा हात घट्ट धरला. मग उठली, पदर सावरला आणि गर्दीत निघून गेली.

ठमाबाईने पाटी डोक्यावर घेतली. सरळ सरळ थाप मारली होती, आणि तीही देवाचं नाव घालून. आयुष्यभर गिऱ्हाइकाला कालचा मासा आजचा म्हणून विकला नव्हता. आता एकच वाट होती. बोललं ते खरं करायचं.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीसमोर बसली. “प्रभू, हा बुधाजी,” म्हणाली आणि थांबली. पलीकडे काठी टेकल्याचा आवाज आला. म्हणजे तो होता. ठमाबाईने आवाज खाली आणला. “गाढव हाय, तुला ठावं हाय, मी परत सांगत नाय. त्याचा पाय बरा कर. त्याच्यासाठी नाय मागत. त्या बाईसाठी मागतय. आता तिला रोज औषिदाला पनवेलला जायला लागतो.” मग तिला वाटलं, देवाशी घासाघीस कसली. “बरा, त्याच्यासाठी पन कर.” हे म्हणताना तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

पाय बरा झाला नाही. एप्रिलात अंगठा काढला. ठमाबाईने पास्टरांना खडसावलं, “तुमच्या प्रभूला नीट सांगितला व्हता, पाय म्हनून!” पण सकाळची प्रार्थना तिने चुकवली नाही. आता त्यात पाय, साखर, सुनंदाचा दम, असं काय काय येऊ लागलं. बुधाजीच्या अकलेबद्दलचं तिचं मत तसूभर बदललं नाही. ते सांगायला वेळ मात्र उरेना.

त्या पावसाळ्यानंतर जिल्ह्यात वाळीत टाकलेल्या घरांच्या बातम्या पेपरात यायला लागल्या. शेजारच्या गावातल्या दोन घरांनी तक्रार केली, त्यांचे धर्म-बिर्म काही वेगळे नव्हते, गावकीशी वाकडं एवढंच. चौकशी सुरू झाली तसं ठमाबाईचंही नाव निघालं. तालुक्याच्या कचेरीत एका बाई अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंना बोलावलं. प्रितेशही यार्डातून आला. आईशी नीट बोलला नाही, पण तिची पिशवी त्याने हातात घेतली.

अधिकारी बाईंनी पाच मिनिटांत काम उरकलं. असा ठराव कधी झालाच नाही आणि पुढे होणार नाही, असं गावकीच्या वतीने बुधाजीने लिहून दिलं. धडधडीत खोटं, शिक्क्यासकट. गावकीचे इतर लोक भिंतीशी उभे राहून पंख्याकडे बघत होते. कोणी माफी मागितली नाही. मागितली असती तरी ठमाबाईने त्यातला काटाच आधी शोधला असता. अधिकारी बाई म्हणाल्या, “आता एकत्र चहा घ्या आणि विषय संपवा.” शिपायाने ट्रे आणला. बाईंनी बुधाजीला खूण केली, तुम्ही द्या.

बुधाजी काठीवर उठला. वर्षभरात तो म्हातारा झाला होता. केस पांढरे, रंग लावणं सोडलं होतं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कप, तो बशीवर खडखडत होता. तिच्यापर्यंत चार पावलं यायला त्याला वेळ लागला. कप देताना तो वाकला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, “आता बंद करशील का?”

ठमाबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं. बंद कर म्हणतोय की बंद करू नको, तिला कळेना. त्याला तरी कळत होतं की नाही, कोण जाणे.

“नाय,” ती म्हणाली.

बुधाजीने मान हलवली आणि खुर्चीकडे परत गेला.

बाहेर आल्यावर प्रितेशने विचारलं, “काय म्हनला गं तो? कानात काय बोलला?”

कचेरीच्या पायऱ्यांवर गावची आठ-दहा माणसं होती, तीही थबकली. अशी संधी ठमाबाईने आजवर सोडली नव्हती. गावचा अध्यक्ष काय पुटपुटला, कसा वाकला, कप कसा खडखडला, याची नक्कल तिने केली असती तर पायऱ्या हसून हसून दुमडल्या असत्या. तिने पदर खांद्यावर घेतला.

“काय नाय,” ती म्हणाली. “चा घे म्हनला. चल, होडीच्या फल्या बगाया जाऊ. सुताराला आजच सांगाया पायजे.”